वेगळा विदर्भ आणि शेवटला तालुका

अध्यक्षमहाराज, आणि वैशाखातल्या या तापलेल्या संध्याकाळी घरचा कूलर सोडून येथे येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो,

चालकांनी आम्हांला विषय दिला तो ‘नवी राज्ये आणि खेड्यापाड्यांचे प्रतिनिधित्व’ असा. पत्रिका वाटल्या गेल्यानंतर दोन गृहस्थ आम्हांला बाजारात भेटले. एकाने विचारले, “म्हणजे तुम्ही विदर्भ मागणार तर!” दुसऱ्याने विचारले, “म्हणजे तुम्ही विदर्भाला मोडता घालणार तर!” दोघांनाही आम्ही ‘व्याख्यानाला या’ एवढेच सांगितले. दोघेही आलेले दिसतात, आणि सुदैवाने एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर बसले आहेत. त्यांच्या सोईसाठी आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे असे आम्हांला वाटते. तरुणपणी वाटत होते, आजही वाटते. पण तरुणपणी त्यासाठी जे कारण आम्ही मोठ्या आवेशाने देत होतो, ते आज तसेच्या तसे देववत नाही. ते का, एवढेच आज सांगायचे आहे.

ते कारण साधे होते. मुंबई दूर आहे, नागपूर जवळ आहे. जवळची राजधानी म्हणजे आपले राज्य. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईला जायचे तर रात्रभर गाडीत बसावे लागते. मंत्रालयातल्या एका सहीसाठी किती कास्तकारांनी किती रात्री अशा काढल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पण राजधानी बदलण्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याइतका थोड्याच जिल्ह्यांच्या गाठी असेल. १८५३ साली निजामाने तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. तेव्हापासून पन्नास वर्षे वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाताखाली चालला. त्या काळात हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. १९०२ साली निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिले आणि १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले गेले. झाली आपली राजधानी नागपूर. ती पुढे त्रेपन्न वर्षे राहिली. देश स्वतंत्र झाला, मध्यप्रांताचे मध्यप्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. म्हणजे हैदराबाद, नागपूर, मुंबई अशा तीन राजधान्या आपल्या पूर्वजांनी आणि आपण पाहिल्या. त्यांपैकी पहिल्या दोन बदलांच्या वेळी आपल्याला कोणी विचारले नाही. तिसऱ्या वेळी विचारले, आणि आलेले उत्तर बाजूला ठेवले. त्याकडे आता येतो.

तत्पूर्वी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. नागपूर राजधानी होते त्या त्रेपन्न वर्षांत वऱ्हाडी माणूस सुखात होता काय? त्या काळची वऱ्हाडी पुढाऱ्यांची भाषणे काढून पाहा. वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस महसूल देतो आणि तो महसूल मध्यप्रांतात खर्च होतो, हीच तक्रार त्यांतून पुन्हा पुन्हा येते. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला, त्यामागे ही कळ होती. म्हणजे राजधानी जवळ असतानाही ‘आमचे आम्हांला द्या’ असे म्हणण्याची पाळी आली होती. आमच्या तरुणपणच्या भाषणांत हा भाग आम्ही सोडून देत असू. सोयीचा नव्हता, दुसरे काय!

आता तिसऱ्या बदलाविषयी. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोल्याला करार झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी एकत्र येण्याच्या अटी त्यात घातल्या. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर प्रभृतींच्या सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि तंत्रशिक्षणात योग्य वाटा, शासनाने दरवर्षी ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवणे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवणे, अशी आश्वासने त्यात आहेत. राज्यकारभाराच्या विकेंद्रीकरणाचे तत्त्वही त्यात मान्य केले आहे. हे कलम मात्र आपल्या वक्त्यांच्या तोंडी क्वचितच येते. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती फाजल अली, पंडित कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे सभासद. ३० सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी अहवाल दिला आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली. हे राज्य स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असेही आयोगाला वाटले होते. दिल्लीने शिफारस मानली नाही. आयोगाने यवतमाळचे म्हणणे ऐकून घेतले, लिहूनही घेतले, आणि निर्णय झाला तो मुंबई शहराचे काय करावे या वादात. आपण त्या वादाच्या जमाखर्चातले एक कलम होतो.

संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. मराठी माणसाचे एक राज्य असावे ही भावना खोटी नव्हती. पण त्याच सुमारास, १९५५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात एक भेद दाखवून दिला आहे. एका राज्यात एक भाषा असावी हे म्हणणे निराळे, आणि एका भाषेचे सारे लोक एकाच राज्यात असावेत हे निराळे. पहिले मान्य केले म्हणजे दुसरे आपोआप येते असे नाही. त्यांनी महाराष्ट्राची चार राज्ये सुचवली होती. त्यांत आपला भाग पूर्व महाराष्ट्रात येत होता. वेगळा विदर्भ मागणारा म्हणजे मराठीचा द्रोही, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसालाच द्रोही म्हणायचे असेल तर आधी लोकनायक बापूजी अण्यांना म्हणावे लागेल. बापूजींचा जन्म वणीचा, वकिली यवतमाळची. १९३० साली पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला; राखीव रानातले गवत कापले आणि कैद पत्करली. रान इथले, गुरे इथली, आणि गवत कोणी कापावे याचा नियम करणारे मात्र दूरवर बसलेले, हा त्या सत्याग्रहाचा मुद्दा आमच्या मते आजच्या विषयाचाही मुद्दा आहे. हेच बापूजी १९६२ साली, ऐंशी उलटून गेल्यावर, वेगळ्या विदर्भासाठी नागपुरातून लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. १९७१ साली त्याच नागपुरातून त्याच प्रश्नावर आपल्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे निवडून आले. नागपूरकरांनी या प्रश्नावर दोनदा आपल्या जिल्ह्याचा माणूस दिल्लीला पाठवला, हे त्यांचे आपल्यावर ऋणच आहे. पुढे आम्ही नागपूरविषयी थोडे कडू बोलणार आहोत, म्हणून आधीच कबूल करून ठेवतो.

करारातल्या आश्वासनांचे काय झाले? अधिवेशन नागपूरला भरते. ठराविक काळ मुक्काम हलवायचा होता, तो काळ आखडत आखडत २०२४ साली १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवसांवर आला. सहा दिवसांत मंत्र्यांचे बंगले झाडून होतात, मोर्चे अडवून होतात आणि संत्र्यांच्या पेट्या भरून होतात. खर्चाच्या वाट्याची तपासणी करायला शासनाने १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशी एकेक बाब घेऊन कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजले. सगळ्या राज्याचा अनुशेष निघाला सुमारे ३१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा सुमारे १२४६ कोटी. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आपल्या पानटपरीवरही रुळला. संविधानाच्या ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद १९५६ सालची. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली, अडतीस वर्षांनी. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती त्या वेळी वाढवली गेली नाही.

हे सारे सांगितले की टाळ्या पडतात. आम्हीही पाडून घेतल्या आहेत. पण आता तुम्हांला एक अडचणीची गोष्ट विचारतो.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून सर्वांत अधिक सलग काळ कोण राहिले? वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक. कुठले? पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांच्यानंतर १९९१ ते १९९३ सुधाकरराव नाईक, तेही पुसदचेच. वसंतरावांच्या आधी चांद्याचे मारोतराव कन्नमवार. अलीकडे नागपूरचे देवेंद्र फडणवीस. म्हणजे राज्यात ‘आमचा माणूस’ नव्हता असे म्हणायची सोय यवतमाळकरांना तरी नाही. मुंबईच्या त्या खुर्चीवर आपल्या एका जिल्ह्याने बारा-तेरा वर्षे काढली. वसंतरावांनी संकरित ज्वारी दिली, कृषी विद्यापीठे दिली, दुष्काळात रोजगार हमी दिली. पुस नदीवर धरण झाले, पोफळीला साखर कारखाना निघाला. कर्तृत्वाचा प्रश्न नाही. पण ते पायउतार झाल्यावर नऊ वर्षांनी दांडेकर समितीने मोजले तेव्हा विदर्भाचा अनुशेष शिल्लक होताच. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे आपला तालुका खुर्चीत बसत नाही, हे आम्हांला तेव्हा कळायला हवे होते. कळले नाही. कळले ते फार पुढे, आणि झरी-जामणी तालुक्यातल्या एका पोडावर.

काही वर्षांपूर्वी स्नेह्यांच्या कामानिमित्त आम्ही त्या भागात गेलो होतो. कोलामांची ती वस्ती. पंचवीस-तीस घरे, एक हातपंप, पऱ्हाटीच्या वावरांतून गेलेली पांदण. संध्याकाळी चारसहा माणसे जमली. आम्हांला बोलण्याची खोड! वेगळ्या विदर्भाचे सारे प्रकरण आम्ही त्यांना सांगितले. करार, आयोग, अनुशेष, काही सोडले नाही. एक म्हातारबाबा चिलीम हातात धरून नीट ऐकत होते. आमचे झाल्यावर म्हणाले, “भाऊ, थे समदं बराबर हाय. पन राज्य झाल्यावर पोराच्या जातीचा दाखला कुठी भेटन?”

आम्ही म्हणालो, “आता मिळतो तिथेच.”

“अन् वावराचा सातबारा?”

“तोही तिथेच. पटवाऱ्याकडे.”

“पटवारी येतेच नाई पोडावर. मंग?”

त्या ‘मंग?’ला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना मुंबई कधी दिसली नव्हती आणि नागपूरही दिसले नव्हते. त्यांचे राज्य म्हणजे तालुक्याची कचेरी, जंगलखात्याचा गार्ड आणि दवाखान्यातली नर्सबाई. ही तीन माणसे भेटली तर राज्य आहे, नाही भेटली तर नाही. मंत्रालय पश्चिमेला आहे की उत्तरेला, याने त्यांच्या सातबाऱ्यावर काय फरक पडणार होता?

परतताना, आणि त्यानंतरही बरेच दिवस, आम्ही हिशेब करीत राहिलो. तो जरा तुमच्यासमोर मांडतो. आकडे थोडेच आहेत, कंटाळू नका.

आपल्या जिल्ह्याचे सोळा तालुके, २०११ च्या गणतीप्रमाणे पावणेअठ्ठावीस लाख माणसे, त्यांतली दर दहांतली जवळजवळ आठ खेड्यांत राहणारी. विधानसभेचे सात मतदारसंघ. लोकसभेचा मात्र आपला असा एक नाही. २००८ च्या पुनर्रचनेपासून यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद हे वाशिमच्या जोडीला आहेत. वणी आणि आर्णी चंद्रपूरच्या खासदाराकडे. आणि उमरखेड थेट हिंगोलीकडे, म्हणजे मराठवाड्यात. एका जिल्ह्याचा प्रश्न दिल्लीत मांडायचा तर तीन खासदारांची मोट बांधावी लागते, आणि तिघांनाही तो आपल्या मतदारसंघाचा एक कोपरा वाटतो. उमरखेडच्या माणसाला तर विचारा की तू कुठला! कारखान्याच्या उसाचा, बाजाराचा, दवाखान्याचा त्याचा ओढा नांदेडकडे, जिल्हा कचेरी यवतमाळला, खासदार हिंगोलीचा, आणि आंदोलन नागपूरचे. पुसद जिल्हा वेगळा करा ही मागणी तिकडे वर्षानुवर्षे आहे. यवतमाळच्या नावाने ते जे बोटे मोडतात, ते शब्द आपण मुंबईच्या नावाने वापरतो तेच असतात. आपण येथे शहरात बसून ते ऐकत नाही, एवढेच.

दुसरा हिशेब. २८८ च्या विधानसभेत विदर्भाचे आमदार ६२. २००८ पूर्वी ६६ होते. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटल्या, चार गेल्या, कारण माणसे पुण्या-मुंबईकडे गेली. आता असे समजा की उद्या विदर्भ झाला आणि हेच ६२ आमदार नव्या विधानसभेत बसले. त्यांत नागपूर जिल्ह्याचे बारा, त्यांपैकी सहा एकट्या नागपूर शहराचे. सबंध गडचिरोली जिल्ह्याचे तीन! मुंबईच्या सभागृहात नागपूर जिल्ह्याचे बारा म्हणजे चोविसातला एक. नव्या सभागृहात पाचांतला एक. सचिवालय तेथे, उच्च न्यायालय तेथे, विमानतळ तेथे, वर्तमानपत्रे तेथे. मग चार जागा विदर्भातून पुण्या-मुंबईकडे गेल्या, तशा पुढल्या फेरीत त्या झरी-उमरखेडकडून नागपुराकडे जाणार नाहीत काय? नागपूरकरांच्या मनात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईकरांच्या मनात तरी कुठे होते? लोक राजधानीकडे जातात, लोकांमागून जागा जातात आणि जागांमागून पैसा जातो. त्याला कोणाचा दुष्टपणा लागत नाही.

मग वेगळे राज्य नकोच, असे कोणी म्हणेल. तसे आम्ही म्हणत नाही, कारण पैनगंगेच्या पलीकडे काय झाले ते आपल्याला येथून दिसते. पांढरकवड्याहून पाटणबोरीवरून पूल ओलांडला की आदिलाबाद. तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, तसेच गोंड-कोलाम. महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती त्या काळात भाव चढला की आपल्या बैलगाड्या रात्री तो पूल कशा ओलांडीत, हे येथे बसलेल्या काही मंडळींना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. नावे घेत नाही. तेलंगणाची कहाणी आपल्या कहाणीची जुळी बहीण आहे. त्याच आयोगाने हैदराबाद राज्य तूर्त वेगळे ठेवावे असे सुचवले होते. तेथेही १९५६ साली पुढाऱ्यांचा एक ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला, आणि आपल्या नागपूर कराराप्रमाणेच तो कागदावर राहिला. फरक इतकाच की २ जून २०१४ रोजी त्यांचे राज्य झाले. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले होते, तरी झाले. संविधानाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे विधानसभेचे मत विचारावे लागते, तिची संमती लागत नाही, निर्णय संसदेचा. राज्य झाल्यावर अडीच वर्षांच्या आत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्यांनी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. आसिफाबादच्या जंगलातल्या माणसाला कलेक्टर जवळ आला. आसिफाबादच्या जिल्ह्याला त्यांनी कोमराम भीम या गोंड वीराचे नाव दिले. आपल्या जिल्ह्यात पुसदकरांचा अर्ज अजून फिरतो आहे.

आणि उलट उदाहरणही पाहा. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड झाले. ते आंदोलन पहाडी माणसाचे, त्यातही बायाबापड्यांचे. राजधानी पहाडात गैरसैणला व्हावी ही त्यांची इच्छा. राजधानी बसली पायथ्याच्या देहरादूनला, ‘तात्पुरती’ म्हणून. वीस वर्षांनी, २०२० साली, गैरसैणला उन्हाळी राजधानीचा मान मिळाला. म्हणजे त्यांचे गैरसैण हे आपले नागपूर झाले! ज्या गावांच्या नावाने राज्य मागितले ती गावे रिकामी होतच राहिली. कुलपे लागलेल्या घरांच्या गावांना तेथे ‘भुताची गावे’ म्हणतात.

तेव्हा प्रश्न ‘राज्य हवे की नको’ एवढा नाही. राज्य मागताना त्या मागणीत काय लिहिले आहे, हा आहे. आपल्या मागणीत आजवर सीमा लिहिली आहे, जिल्ह्यांची नावे लिहिली आहेत, राजधानीचे नाव लिहिले आहे. पोडाचे काही लिहिलेले नाही.

ते काय लिहावे याचा धडा गंमत म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या माणसाने घालून दिलेला आहे. १९६० साली विकेंद्रीकरणासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. तेव्हा ते महसूलमंत्री होते. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली विकासगटावर भर दिला होता. नाईक समितीने जिल्ह्याला मुख्य मानले, कारण पैसा, तंत्रज्ञ आणि अधिकार एकत्र ठेवायचे तर जिल्ह्याइतकी मोठी संस्था हवी. त्यातून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, विहिरी, रस्ते, गुरांचा डॉक्टर, सारे निवडून आलेल्या माणसांच्या हाती. त्या काळात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष जिल्ह्यात आला तर मंत्री आल्यासारखी वर्दळ असे, असे जुनी माणसे सांगतात. पुढे एकेक खाते, एकेक योजना हळूहळू वर ओढली गेली. जिल्ह्याचे नियोजन पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली गेले. ‘पालक’ हा शब्दच पाहा. पावणेअठ्ठावीस लाख माणसांना पालक लागतो, आणि तो वरून नेमून येतो.

२०२२ साली राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. संविधान म्हणते, मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. झाली नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, आरक्षणाचा वाद झाला, आणि वर्षामागून वर्ष प्रशासकांनी कारभार पाहिला. पोडावरच्या म्हाताऱ्याला ज्याच्या दारात जाऊन ‘मंग?’ म्हणता आले असते तो गटाचा सभासदच नाहीसा झाला. यावर यवतमाळात मोर्चा निघाला काय? बंद पाळला गेला काय? विदर्भासाठी आम्ही बंद पाळले आहेत, दगडही पाहिले आहेत. जिल्हा परिषद रिकामी राहिली त्याबद्दल आम्हीही एक ओळ लिहिली नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे म्हणून सांगतो.

दूर असण्याची किंमत काय पडते? १९८६ च्या मार्चमध्ये महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची योजना जाहीर झाली. मधली वीस वर्षे मोजा. त्यांतली पाच-सात आपल्या जिल्ह्याच्या आणि विदर्भाच्या थोर मंडळींच्या सत्तेतही गेली असतील. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसेक माणसे गेली, तेव्हाही बातमी आधी दवाखान्यातून वर्तमानपत्रात आली आणि मग कचेरीत. ती फवारणी चालू असताना गावागावांत हिंडणारा, विषाची बाटली कोणती आणि पंप कोणता ते विचारणारा अधिकारी कोणाला जबाबदार होता? गावाला नव्हता. वरच्या साहेबाला होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की विदर्भाचा कायदा उद्या संसदेत येईल तेव्हा त्यातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. राज्य झाल्यावर पाहू, हे नको. ‘नंतर पाहू’चे दोन करार आपण पाहिले आहेत. राज्याच्या तिजोरीतला ठराविक भाग थेट जिल्हा परिषदांच्या आणि ग्रामसभांच्या हाती जावा आणि तो मंत्र्याच्या मर्जीवर नसावा. निवडणूक वेळेवर झाली नाही तर प्रशासकाला पगाराखेरीज एक पैसा खर्च करता येऊ नये. मग पाहा निवडणुका कशा वेळेवर होतात! अनुशेष मोजायचा तो तालुक्यागणिक. दांडेकरांनी जिल्हा धरला, २०१३ साली केळकर समितीने तालुका धरला, ते योग्य केले. पुसद आणि झरी यांची सरासरी काढली की दोघांचीही खरी स्थिती झाकते. खाती सगळी नागपुरात कशाला हवीत? कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा कारभार यवतमाळातून चालावा, जंगलाचा गडचिरोलीतून. कारकून नाखूष होतील, होऊ द्या. आणि राळेगाव, केळापूर, मारेगाव, घाटंजीकडच्या ज्या गावांना पाचव्या अनुसूचीचे आणि १९९६ च्या पेसा कायद्याचे संरक्षण आहे, तेथे ग्रामसभेचा शब्द शेवटचा राहील हे नव्या राज्याने पहिल्या दिवशी मान्य करावे. बापूजींनी कापलेल्या गवताचा हिशेब तेथे पुरा होईल.

पैशाचे काय, हा प्रश्न उजव्या हाताकडून येणार हे आम्हांला दिसते आहे. मुंबईचा कर गेला तर पगार कसे होतील? प्रश्न खोटा नाही. वणीचा कोळसा, चंद्रपूर-कोराडीची वीज, जंगल, कापूस ही आपली मिळकत. ती मुंबईच्या मिळकतीइतकी नाही. पहिली काही वर्षे ओढाताण होईल. ज्याला हे राज्य हवे आहे त्याने ही ओढाताण आधी लोकांना सांगावी. शकुंतला गाडीवर प्रेम करणाऱ्या या गावाला ते समजावणे कठीण नाही. मूर्तिजापूरची ती अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीने आपला कापूस न्यायला घातली. ती पुढे थकली, आणि मोठ्या रुळांची वाट पाहण्यात आपल्या पिढ्या गेल्या. २००८-०९ साली मंजूर झालेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. ओढाताण आपल्याला नवीन नाही.

त्या पोडावर आम्ही पुन्हा जाणार आहोत. म्हातारबाबा असले तर त्यांना या अटी वाचून दाखवू, आणि ते पुन्हा ‘मंग?’ म्हणाले तर मसुदा परत घेऊन येऊ.

अध्यक्षमहाराजांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे. घाटंजीकडची काही मंडळी मागे बसली आहेत. त्यांच्या शेवटच्या गाडीची वेळ होत आली असेल, तेव्हा त्यांना आधी विचारू द्यावे. शहरातल्यांना घाई नाही.